गरिबाच्या मुलाचें क्रीडांगण

खेळाला पैसे लागतात काय, असा प्रश्न आपल्या आजोबांपुढें कोणीं ठेवला असता, तर त्यांनीं प्रश्नकर्त्याकडे आश्चर्यानेंच पाहिलें असतें. विटीदांडू सुताराच्या टाकाऊ लांकडांतून निघे, लगोरीला फुटक्या कौलाचे तुकडे पुरत, आणि हुतुतूला तर छातींतल्या श्वासावांचून कशाचीच गरज नसे. तोच प्रश्न आज नागपूरच्या दक्षिणेकडील मनीषनगरांत विचारून पाहावा. वर्धा मार्ग सोडून रेल्वेचे रूळ ओलांडले, कीं हा भाग लागतो. कांहीं दशकांपूर्वीं जेथें शेतें होतीं, तेथें आतां बंगले आणि अनेक मजल्यांच्या सदनिका उभ्या आहेत. अशा नव्या वस्तींत मुलाला खेळावयास घालावयाचें म्हणजे महिन्याची फी, गणवेश, बूट, रॅकेट आणि रोजची ने-आण, इतक्या बाबी बापाला मोजाव्या लागतात. ज्याला त्या मोजतां येतात तो मोजतो. परंतु त्याच सदनिकांत धुणींभांडीं करणाऱ्या बाईचा मुलगा आणि फाटकावरील पहारेकऱ्याची मुलगी हीं कोठें खेळतात? आजोबांच्या आणि नातवांच्या दरम्यान ही वर्गणी खेळांत केव्हां आणि कोणत्या वाटेनें शिरली, आणि ती हटविण्याचा प्रयत्न आपल्या ह्या वऱ्हाड-नागपूर प्रांतांत कोणीं व कसा केला, हें सांगावें असा माझा आज विचार आहे. खेळांच्या इतिहासांत विक्रमांची आणि पदकांची नोंद सांपडते, पावत्यांची सहसा सांपडत नाहीं. म्हणून ही हकीकत थोडी इकडून-तिकडून गोळा करावी लागते.

आपल्याकडे गरिबाच्या मुलाची पहिली व्यायामशाळा म्हणजे तालीम. लाल माती चाळावी, तींत तेल, ताक आणि हळद घालावी, कीं हौद तयार झाला. अंगावर एक लंगोट असला, कीं मुलगा तयार झाला. वस्तादाचा मान नारळावर भागे. मल्लखांब म्हणजे तर जमिनींत पुरलेला एक गुळगुळीत खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं ह्या विद्येचें पुनरुज्जीवन केलें, त्या वेळीं कसरती वाढल्या. साहित्य वाढलें नाहीं. एकाच खांबावर गल्लींतलीं सारीं मुलें पाळीपाळीनें चढून उतरत.

तथापि तालमीचा हा काळ म्हणजे सुवर्णयुग होतें, असें समजण्याचें कारण नाहीं. मातीला पैसे पडत नसत, पण खुराकाला पडत. जोर-बैठका काढून घामाघूम झालेल्या मुलाला दूध, तूप आणि बदाम लागतात. आणि ज्याच्या घरीं ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ मिळण्याची मारामार, त्याची पहिलवानकी पंधराव्या-सोळाव्या वर्षींच थांबे. दुसरी गोष्ट अधिक कटु आहे. तालमीचें दार उघडें असे, पण तें सर्व जातींना सारखें उघडें नसे, आणि मुलींना तर तें बंदच होतें. पैशाची फी नसली तरी जन्माची फी होती, असें म्हणावें लागतें.

पाळवणकर बाळू ह्यांचें उदाहरण येथें आठवतें. १८७६ सालीं जन्मलेला हा अस्पृश्य मानलेल्या समाजांतला मुलगा पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत क्रिकेटसाठीं गेला तो खेळाडू म्हणून नव्हे. मैदान राखणें आणि जाळीं लावणें ह्या कामावर नोकर म्हणून गेला. साहेब लोकांना सराव देण्यासाठीं त्यानें चेंडू टाकावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्या नोकरींतूनच डावखुऱ्या फिरकीचा असा गोलंदाज निर्माण झाला, कीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक बळी घेतले. महाग खेळाच्या मैदानावर गरिबाचा मुलगा तेव्हां कोणत्या दारानें आंत जाऊं शकत असे, हें ह्या एका चरित्रावरून कळतें.

कुस्तीला राजाश्रय लाभला तो कोल्हापुरांत. शाहू महाराजांच्या आश्रयाखालीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान तयार झालें, आणि शेवटच्या रांगेंत बसलेल्या शेतकऱ्यालाही आखाडा स्पष्ट दिसावा अशी त्याची बांधणी आहे. पण राजाश्रय हा राजाबरोबर जातो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हां खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें ठरलें तेव्हां परिस्थिति निराळी होती. गांवकऱ्यांनीं वर्गणी गोळा केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परत आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. ज्या खेळाला लंगोटापलीकडे कांहीं लागत नाहीं, त्या खेळासाठीं एका शिक्षकाचें घर गहाण पडावें! कारण उघड आहे. खेळ स्वस्त होता. प्रवास स्वस्त नव्हता.

आतां वऱ्हाडांत येऊं. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत आणि अनंत ह्या वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा सुरू केला. पुढें तोच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ह्या नांवानें देशभर प्रसिद्धीस आला. ह्या मंडळाच्या कार्याचें पुष्कळांनीं वर्णन केलें आहे, पण माझ्या मतें त्याचें खरें मर्म एका साध्या गोष्टींत आहे. मंडळानें गांवोगांव साहित्य पाठविलें नाहीं, शिक्षक पाठविले. उन्हाळ्याच्या सुटींत निरनिराळ्या प्रांतांतून शाळामास्तर आणि तरुण अमरावतीस येत, लाठी, लेझीम, मल्लखांब, हुतुतू, खोखो हें सारें शिकत, आणि परत जाऊन आपल्या गांवच्या पटांगणांत तें शिकवीत. मुलांच्या खेळाचा खर्च पाहूं गेलें तर चेंडू आणि दांडू ह्यांचा भाग थोडा असतो. नियमानें सायंकाळीं येणारा, नांवानें हांक मारणारा आणि खेळतांना भांडण मिटविणारा जाणता माणूस मिळणें हा खरा खर्च. तो एकदां कोणीं सोसला, कीं बाकीचें बहुतेक आपोआप जमतें.

त्याच सुमारास दुसरें एक काम चाललें होतें, तें वरवर पाहतां रूक्ष वाटेल. खेळांना नियम घालणें हें तें काम. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खोखोचे नियम बांधले. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें हुतुतूचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याप्रमाणें सामने भरविले. ह्याचा गरिबांच्या मुलांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध मोठा आहे. ज्या खेळाला लेखी नियम नाहींत त्याला शाळा आपल्या तासांत जागा देत नाहीं, नगरपालिका मैदान देत नाहीं, आणि पंचाचा निर्णय कोणी मानीत नाहीं. तो केवळ पोरखेळ ठरतो. रेघा किती अंतरावर, गडी किती, डाव किती मिनिटांचा, हें एकदां कागदावर आलें कीं क्रिकेट आणि टेनिस ह्यांच्या शेजारीं हुतुतूलाही खुर्ची मिळते. नियम करणारांनीं त्या वेळीं एक पथ्य पाळलें, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत: खेळाला नियम आले तरी साहित्य आलें नाहीं. खोखोला दोन खांब; हुतुतूला फक्कीच्या रेघा; आट्यापाट्यांना तर पाट्या आंखल्या कीं झालें. पायांत बूट असलाच पाहिजे असें कोणीं लिहिलें नाहीं.

१९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, त्या वेळीं ह्याच अमरावतीच्या मंडळाचें पथक तेथें गेलें आणि त्यानें आपले देशी खेळ युरोपच्या लोकांना करून दाखविले. दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत हुतुतूचा समावेश झाला, आणि कबड्डी ह्या नांवानें हा खेळ पुढें सर्व देशाचा झाला.

ह्यानंतरचा मोठा टप्पा खुद्द नागपुरांतला आहे, आणि तो फुटबॉलचा आहे. हा खेळ आपल्या देशांत पलटणींबरोबर आला. नागपूरजवळ कन्हानच्या कांठीं १८२१ सालीं वसलेली कामठीची छावणी सर्वांस ठाऊक आहे. त्या बाजूस फुटबॉलचें वेड आजही पाहावयास मिळतें. तसा हा खेळ स्वस्तच. पण अकरा-अकरा गडी धांवण्याइतकें मैदान पाहिजे, आणि शहर वाढूं लागलें कीं पहिला बळी मैदानाचा पडतो. त्यामुळें विसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या झोपडपट्टींतील मुलाला फुटबॉल हा कॉलेजच्या कुंपणापलीकडून पाहावयाचा खेळ होऊन बसला.

हिस्लॉप कॉलेजांत विजय बारसे हे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक होते. २००१ सालच्या पावसाळ्यांत एके दिवशीं पाऊस चुकविण्यासाठीं ते आडोशाला थांबले असतां, जवळच्या झोपडपट्टींतलीं कांहीं मुलें चिखलांत एक फुटकी बादली लाथांनीं उडवीत खेळतांना त्यांच्या दृष्टीस पडलीं. मुलें अगदीं रंगून गेलीं होतीं. बारसे ह्यांनीं त्यांना खरा चेंडू दिला. जितका वेळ मुलें मैदानावर असतात तितका वेळ तीं वाईट नादांपासून दूर असतात, ही गोष्ट त्यांच्या मनांत ठसली. त्यांनीं शहरांतील झोपडपट्ट्यांसाठीं सामने जाहीर केले, आणि १२८ संघांनीं नांवें दिलीं!

श्रोतेहो, ह्या आंकड्यापाशीं क्षणभर थांबावें असें मला वाटतें. १२८ संघ म्हणजे हजाराहून अधिक मुलें. हीं मुलें त्या वर्षीं एकाएकीं जन्माला आलीं नव्हतीं. तीं होतींच, बादल्या आणि टायर उडवीत होतीं. त्यांना कोणीं बोलावलें नव्हतें इतकेंच. गरिबांच्या मुलांना खेळाची आवड नाहीं, त्यांचे आईबाप त्यांना पाठवीत नाहींत, असें जें पुष्कळदां सांगण्यांत येतें त्याला हा आंकडा पुरेसें उत्तर देतो. ह्या सामन्यांना ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असें उघड नांव दिलें होतें. कांहीं सुशिक्षितांच्या कानाला तें बोंचलें असेल. मला तें आवडतें; आपण कोणासाठीं आहों हें त्यांत आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे.

पुढें क्रीडा विकास संस्था स्थापन झाली, आणि ‘स्लम सॉकर’ ह्या इंग्रजी नांवानें तिचें कार्य परदेशांतही कळलें. नोकरींतून निवृत्त झाल्यावर हातीं आलेल्या पैशांतून बारसे ह्यांनीं शहराबाहेर जमीन घेतली, ती मुलांच्या मैदानासाठीं. इकडे हें चाललें असतां तिकडे युरोपांत, ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरीं, २००३ पासून बेघर लोकांसाठीं फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला होता. त्या सामन्यांचे नियम मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. संघांत एका वेळीं चारच खेळाडू. डावाचे दोन भाग, प्रत्येक सात मिनिटांचा. आणि मैदान बावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद. म्हणजे फुटबॉलचें मैदान जेव्हां मिळेनासें झालें, तेव्हां ह्या लोकांनीं खेळच चौकांत मावेल एवढा केला. पुण्या-बडोद्याच्या मंडळींनीं नियम घालून जें साधलें, तेंच ह्यांनीं नियम बदलून साधलें.

ह्या विश्वचषकांत भारताचा संघ २००७ सालीं कोपनहेगनला प्रथम उतरला. २०१० सालीं रिओ द जानेरो येथें भारतीय संघाचें नेतृत्व केलें तें नागपूरच्याच झोपडपट्टींत वाढलेल्या अखिलेश पॉल ह्या तरुणानें. नंतर तो स्वतः मुलांना शिकवूं लागला, आणि मला ही गोष्ट रिओच्या प्रवासाहून मोठी वाटते. अमरावतीच्या उन्हाळी वर्गाची रीत येथें पुन्हां दिसते. संस्थेंत मुलींचेही संघ उभे राहिले. ज्या वस्तींत तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनें संध्याकाळीं घराबाहेर असणें हाच वादाचा विषय, तेथें हें काम चेंडू वांटण्याइतकें सोपें नसतें. आईबापांचीं मनें वळविण्यांतच महिने जातात. २०१६ सालीं फुटबॉलच्या जागतिक संघटनेनें, म्हणजे फिफानें, आपला विविधतेचा पुरस्कार ह्या नागपूरच्या संस्थेला दिला, आणि २०२२ सालीं नागराज मंजुळे ह्यांच्या ‘झुंड’ ह्या चित्रपटानें ती कथा घरोघर पोहोंचविली.

येथवरची हकीकत ऐकून आतां सर्व कांहीं ठीक झालें असें कोणास वाटेल. तसें नाहीं. जे खेळ जात्याच फुकट होते, ते ह्याच काळांत महाग होत चालले आहेत, आणि ही गोष्ट त्यांच्या वैभवाच्या पोटींच आली आहे. कबड्डी १९९० सालीं बीजिंगच्या एशियाई सामन्यांत गेली, २०१४ पासून तिचे व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर झळकूं लागले. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खोखोचा पहिला विश्वचषक झाला, त्यांत पुरुष आणि महिला हे दोन्ही भारतीय संघ विजयी झाले, आणि दोन्हींचें कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होतें. कोणाची छाती अभिमानानें फुगणार नाहीं! परंतु हे सारे सामने मातीवर होत नाहींत, मॅटवर होतात. मॅटवर गुडघे कमी फुटतात हें खरें. पण तिला विशिष्ट बूट लागतात, छप्पर लागतें, आणि तिची किंमत लाखांच्या हिशेबांत जाते. खेड्यांतला मुलगा वर्षभर मातींत घोटून तयार होतो, आणि निवडीच्या दिवशीं परक्या पृष्ठभागावर त्याचा पाय घसरतो. नियम करणारांनीं एके काळीं जें पथ्य पाळलें होतें तें असें हळूहळू सुटत गेलें.

कांहीं खेळ तर मुळापासूनच महाग. २०२३ सालीं, त्याच बर्लिन शहरीं, धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धेंत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी हे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत एकाच वेळीं जगज्जेते झाले. आदितीचे वडील शाळामास्तर. मुलीच्या धनुष्यबाणांसाठीं त्यांनीं कर्ज काढलें होतें. प्राचार्य खर्डेकरांच्या घराला सत्तर वर्षें लोटलीं, तरी गहाणखताची चाल सुटलेली दिसत नाहीं. विजयानंतर सत्कार होतात, सरकार बक्षिसें देतें, आणि तें योग्यच आहे. पण जिंकलेल्यास पैसा देणें सोपें असतें. मुलगा जिंकेल कीं नाहीं हें कोणालाच ठाऊक नसतें, त्या दहाव्या-बाराव्या वर्षीं खर्च करावयास कोणी पुढें येत नाहीं. आणि गळती सारी त्याच वयांत होते. शिवाय, प्रत्येक मुलानें जगज्जेता व्हावें म्हणून का आपण त्याला खेळूं द्यावयाचें? शंभरांतलीं नव्याण्णव मुलें केवळ खेळण्यासाठींच खेळतात, आणि त्यांचा हक्क त्या एकापेक्षां लहान नाहीं.

आरंभीं मनीषनगराचा उल्लेख केला, तेथेंच परत जावयाचें आहे, कारण जागेचा प्रश्न शिल्लक राहिला. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानें जन्मास आला, आणि पुढें शहराच्या चहूंकडच्या शेतांचे ले-आउट होत गेले. हल्लींच्या नियमांप्रमाणें एक एकराच्या वरचा ले-आउट पाडतांना त्यांतील दहावा हिस्सा सर्वांच्या विरंगुळ्यासाठीं खुला सोडावा लागतो. अशा खुल्या जागा शहरभर आहेत. कोठें तिचें उद्यान होतें आणि फाटकावर ‘येथें चेंडू खेळूं नये’ अशी पाटी लागते, कोठें सभामंडप उभा राहतो, कोठें मोटारी उभ्या राहतात. पण नकाशावर ती जागा खुलीच असते.

एक लहानसा हिशेब सांगतों. नागपुरांत जमिनीचें बोलणें चौरस फुटांत चालतें, म्हणून त्याच मापांत सांगतों. कबड्डीचें पुरुषांचें मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे सुमारें १,४०० चौरस फूट; दीड हजार फुटांच्या एका प्लॉटावर तें बसतें. बेघरांच्या विश्वचषकाचें फुटबॉलचें मैदान सुमारें ३,८०० चौरस फूट, म्हणजे असे अडीच प्लॉट. आणि एका एकराच्या ले-आउटांत सोडावयाची खुली जागा भरते सुमारें ४,३५० चौरस फूट. मैदान आंखण्यास एक टेप, सुतळी आणि घमेलेंभर फक्की लागते. चार पोरें हाताशीं असलीं तर अर्ध्या तासाचें काम.